पिलाताच्या बायकोचं गाणं
"थांब, थांब! ऱ्होना, तू पुन्हा विराम गिळलास."

क्लाइव्हने पेन्सिल टेबलावर आपटली. हा शाळेत भूगोल शिकवतो आणि ऑस्ट्रेलियातल्या आमच्या गोलबर्न गावच्या हौशी मंडळाची नाटकंही बसवतो, त्यामुळे आम्ही सगळे त्याला सहावीतलेच वाटतो. यंदा येशूवरचा एक गाजलेला रॉक ऑपेरा घेतला होता आणि येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या पिलाताच्या बायकोच्या भूमिकेसाठी निवड चालली होती. पियानोवर मी.

"दुसऱ्या ओळीनंतर एक मात्रा थांबायचं. छापलंय तसं. सगळं जग तिथं थांबतं, तुलाच कसली घाई?"

"मला तिथं थांबवत नाही," ऱ्होना म्हणाली.

"मग नोलीन आहेच बाहेर बसलेली. दहा मिनिटं चहा घ्या, मग शेवटचं ऐकतो."

ऱ्होना टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करते. लग्न केलं नाही. आठ वर्षं आमच्या कोरसमध्ये मागच्या रांगेत उभी राहिली आणि चाळिशीत पहिल्यांदाच मोठी भूमिका मागायला पुढे आली. तीही हातची जाते की काय, म्हणून माझाच जीव खालीवर होत होता.

स्वयंपाकघरात ती एका जागी उभी राहीना. उगाच नळ सोडायची, बंद करायची.

"ऊना, हे गाणं माझा पिच्छाच सोडत नाही बघ. खाटकाकडे जावं तर रेडिओवर तेच. शाळेची पोरं तेच गातात. आणि सगळे मेले तिथंच थांबतात!"

"लोकांना तोच विराम तर आवडतो गं."

"मूळ चालीत तो नव्हताच."

"तुला गं काय ठाऊक?"

"लंडनमध्ये ते पहिल्यांदा मीच गायले. एकोणसत्तर साली, दहा वर्षं झाली. ऑपेरा कुठं होता तेव्हा? तो रचणाऱ्या दोन पोरांना रेकॉर्ड कंपनीला ऐकवायला नमुना हवा होता. मला आठवा महिना होता. दुसरी ओळ संपली आणि पोरीनं आतून अशी लाथ मारली, माझा दमच तुटला. म्हटलं, पुन्हा गाते. तर म्हणाले, नको, हेच छान आहे. मग रेकॉर्डवरच्या त्या मोठ्या गायिकेनं माझा नमुना ऐकून तसंच गायलं, तिचं ऐकून बाकीच्यांनी. मग स्वरलिपीच्या पुस्तकातही छापलं."

"आणि मुलगी?"

"सहा आठवडे होती माझ्याजवळ. मग देऊन टाकली. द्यायला लावली."

मला रडू फुटलं. तिला नाही. तो विराम चुकला म्हणून मी शिकवणीच्या कितीतरी मुलांच्या बोटांवर पट्टी मारली होती, आणि आता मलाच कुणीतरी मारावं असं वाटलं.

"क्लाइव्हला सांग ना हे!"

"भूगोलाचा मास्तर तो. नकाशा मागेल."

आम्ही परत हॉलमध्ये आलो. तिने दुसरी ओळ संपवली आणि थांबली. मी हात उचलून धरले. एक मात्रा होऊन गेली, दुसरीही गेली, तरी ती उभीच. मग तिने पुढची ओळ उचलली आणि गाणं शेवटापर्यंत नेलं.

"बघ!" क्लाइव्ह खूश झाला. "जरा जास्तच थांबलीस, पण रेकॉर्ड नीट ऐकली की येतं सगळं. भूमिका तुझी."



त्याने तिच्यापुढे कार्यक्रमपत्रिकेसाठीचा कागद सरकवला. नाव, नोकरी, गाण्याचा अनुभव, मुलं. आमच्या गावात गाणं ऐकण्याआधी लोक हेच वाचतात. तिने माझ्या पियानोवर टेकून कागद भरला. क्लाइव्हने तो वाचला आणि पुन्हा एकदा वाचला.

"अनुभव काहीच नाही, ठीक आहे. पण हे खालचं... 'एक मुलगी, दहा वर्षांची'? ऱ्होना, गावभर वाचतील. छापू?"

"छाप," ती म्हणाली आणि कोटाची बटणं लावत तिने विचारलं, "तालीम किती वाजता?"