समोरच्या टीमची मोटर

मी एक मोटर. वायपरची. गाडीच्या काचेवर डावीउजवीकडे डोलणारे ते दोन हात तुम्ही पाहता, पण त्यांना डोलवणारी मी बॉनेटखाली दडलेली असते. त्यामुळे आपली ओळख नसणार. ती आज करून घेऊ.

माझ्या तांब्याच्या तारेचे वेढे मशीननं दिले, पण झाकण बसवलं ते कारखान्यातल्या एका बाईंनी. त्या प्रत्येक मोटर बॅटरीला लावून कानाशी धरायच्या. माझा आवाज ऐकून त्या म्हणाल्या, "हं, जा." एवढा आशीर्वाद घेऊन मी निघाले.

पुढची अकरा वर्षं पाव पोचवणाऱ्या व्हॅनमध्ये गेली. ड्रायव्हरकाका सांभाळून घेणारे. कोरड्या काचेवर त्यांनी मला कधी फिरवलं नाही. पण व्हॅनच थकली, आणि मी भंगारच्या दुकानात, फुटक्या रेडिएटरांच्या ढिगाखाली जाऊन पडले. दोन वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. मला वाटलं, आटोपलं आपलं.

एका शनिवारी शाळेचे वर्कशॉपचे सर दोन मुलांना घेऊन आले. मुलगी चांगलीच उंच, म्हणून सगळे तिला जिराफ म्हणायचे. ती शाळेच्या रोबो टीमची कॅप्टन. मुलगा वायरिंग करणारा, त्याचं नाव फ्यूज, कारण तो पटकन उडायचा. त्यानं मला ढिगातून ओढून काढलं, खिशातल्या बॅटरीच्या वायरी टेकवल्या, आणि मी गरकन फिरले.

"अरे, हिच्यात दम आहे," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत माझं कौतुक कुणी केलं नव्हतं. मला काय बोलावं सुचेना, आणि तसंही मला बोलता येत नाही.

वर्कशॉपमध्ये फ्यूजनं जुन्या टूथब्रशनं माझं ग्रीस काढलं. रोबोच्या हाताला मला बसवलं. रबरी चेंडू उचलून उंच टोपलीत टाकायचा, हे माझं काम. पहिल्या दिवशी मी चेंडू सरांच्या चहात टाकला. सर शांतपणे म्हणाले, "नेम सुधारा, साखर चालेल." सहा महिने आम्ही नेमच सुधारत होतो. विभागीय स्पर्धा माझ्याच जोरावर जिंकलो, हे मी सांगू नये, पण सांगते.

राष्ट्रीय स्पर्धेआधी नवीकोरी मोटर आली. हलकी, चपळ. मी डब्यात गेले, सुटे भाग म्हणून. रुसले होते, खोटं कशाला बोलू?

स्पर्धेचं सभागृह एवढं मोठं, की टोकाला उभी असलेली माणसं बोटाएवढी दिसत होती. प्रत्येक टीमला एक टेबल. नवी मोटर झकास चालली आणि आमची टीम सेमीफायनलला पोचली. सामना अर्ध्या तासावर होता, तेव्हा समोरच्या टीमची कॅप्टन आमच्या टेबलाशी आली. अंगठ्याला पट्टी, डोळे लाल.

"आमची मोटर जळाली," ती म्हणाली. "तुमच्याकडे बारा व्होल्टची एखादी आहे का?"

ती "बघा जमलं तर" म्हणून थोडी लांब जाऊन उभी राहिली.

फ्यूज कुजबुजला, "ते उतरलेच नाहीत तर आपण सरळ फायनलला. काही करायचीसुद्धा गरज नाही."

"आणि घरी विचारलं, सेमीफायनल कशी झाली, तर काय सांगायचं?" जिराफ म्हणाली.

"जिंकलो म्हणून सांगायचं."

"कोणाशी?"

फ्यूजनं सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "मोटर तुम्ही शोधलीत. तुम्हीच ठरवा." आणि ते सरळ पाणी प्यायला निघून गेले.

मग फ्यूज उठला, डबा उघडला आणि मला घेऊन तिच्याकडे गेला. तिथं त्यांच्या रोबोच्या लोखंडी पट्टीची भोकं माझ्या पायांना जुळेनात. तोच पुटपुटत ड्रिल घेऊन बसला, भोकं मोठी केली, मला बसवलं. एखादा स्क्रू त्यानं ढिला सोडला असता तर कुणाला कळलंही नसतं. त्यानं चारही स्क्रू दोनदा आवळले. माझ्या आयुष्यात मी पाहिलेलं सगळ्यात मोठं काम ते.

सामना सुरू झाला. मला वाटत होतं, जरा हळू फिरावं. पण वीज आली की मोटर फिरते, आणि ज्यानं एवढ्या निगुतीनं बसवलं त्याच्यासमोर अंगचोरपणा कसा करायचा? आठ-आठ अशी बरोबरी असताना, शेवटच्या दोन सेकंदांत मी नववा चेंडू टोपलीत टाकला. आमची मुलं हरली. मी हरवलं त्यांना.

समोरची कॅप्टन मला काढून परत द्यायला आली. फ्यूज खाली मान घालून वायर गुंडाळत होता.

"फायनलला लागेल ना? ठेव," तो म्हणाला. "फक्त सलग दाबून धरू नको, तापते ती."

फायनल आम्ही हरलो. आम्ही म्हणते, कारण त्या वेळी मी समोरच्या टीमची होते. पण प्रेक्षकांत आमच्यासाठी ओरडून ओरडून फ्यूजचा घसा बसला होता.

"हिच्या गिअरचे दात झिजले रे," मला परत देताना ती कॅप्टन म्हणाली. "सॉरी."

"कामाला आली ना? मग झिजणारच."

परतीच्या बसमध्ये सरांनी विचारलं, "वाईट वाटतंय?"

"खूप," फ्यूज म्हणाला.

"वाटू दे," सर म्हणाले आणि आपली खिडकीची जागा त्याला दिली.

त्याला चार वर्षं झाली. आता मला वजन उचलवत नाही. वर्कशॉपच्या बाकावर एका फळीवर मला बसवलंय. नवी मुलं आली की सर माझ्या दोन वायरी आणि बॅटरी त्यांच्या हाती देतात. काल एक मुलगी आली होती. तिनं वायरी उलट्या लावल्या, मी उलटी फिरले, आणि ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

तुमच्याकडे एवढंच मागणं, मला नवे दात बसवायच्या खटपटीत पडू नका. इथंच राहू द्या. आपल्या हातानं पहिल्यांदा काहीतरी फिरलं, की माणसाचा चेहरा कसा उजळतो, ते मला रोज सगळ्यात जवळून दिसतं. मी भरून पावले.