डोक्यावरचा हात

"मी मरणार का, आबा?"

पंचशीलेनं हे इतक्या साध्या आवाजात विचारलं की लिंबाजीला आधी ते कळलंच नाही. रेणापूरच्या सरकारी दवाखान्यात एकेका खाटेवर दोन-दोन लेकरं निजवली होती. त्यातलं एक त्याचं होतं. नऊ वर्षांची पोर, डोळे खोल गेलेले, ओठांना कोरडे पापुद्रे, हाताला सलाईनची सुई.

"येडी का काय! जुलाबानं कुणी मरतं व्हय?" तो म्हणाला. मरतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"जुलाबानं न्हाई. तुमी माझी शपथ मोडली ना, आयतवारी."

लिंबाजी खाटेपासून मागं सरकला. धुरपता, त्याची बायको, उशाशी बसून पोरीच्या तोंडात चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी घालत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला जे बोलायचं होतं ते पोरीनं बोलून टाकलं होतं.

लिंबाजी दारू प्यायचा, हे गावात कुणाला नवीन नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता लागलेली सवय. पण तो शपथाही घ्यायचा, आणि त्याची ती सवय दारूपेक्षा वाईट होती. प्यायला की दुसऱ्या दिवशी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचा, जेवायचा नाही, आणि संध्याकाळी पोरीला पुढ्यात उभी करून तिच्या डोक्यावर हात ठेवायचा. "हिची शपथ हाय, पुन्हा शिवलो तर." असं चार वेळा झालं होतं. आपण लई मोठं काहीतरी पणाला लावलं याचं त्याला समाधान वाटायचं. जी पणाला लागली होती तिला काय वाटतं, हे त्यानं कधी विचारलं नाही. पोर मात्र रोज रात्री बापाच्या तोंडाचा वास घेऊन झोपायची. वास नसला तर आज आपण मरणार नाही, एवढा तिचा हिशेब होता.

"सिस्टर, पोर वाचंल ना वं?" लिंबाजीनं विचारलं.

नर्स नागम्मा उदगीरकडची, बोलायला तिखट आणि हाताला मऊ. "अय्यो, देवाला इचार की. मी बाटल्या लावते तेवढं बघ. तुमच्या गावचं हे तिसरं लेकरू हाय सकाळपासून. तुमची ती हिर, तिच्यात पावडर पडती का न्हाई?"

"पडती की," तो म्हणाला.

पावडर टाकणारा तोच होता.

जिल्हा नवा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहिलं गेलं होतं. पाणी मात्र जुन्या जिल्ह्यातही नव्हतं आणि नव्यातही आलं नाही. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. रोज दुपारी बाराला टँकर यायचा आणि गावातल्या मोठ्या विहिरीत रिकामा व्हायचा. मग बादलीत जंतू मारायची ब्लीचिंग पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी विहिरीत सोडायची, पोहरा वरखाली करून पाणी ढवळायचं आणि तासभर कुणाला घागर बुडवू द्यायची नाही. हे झालं की विहिरीच्या कठड्यावर खडूनं तारीख लिहायची. बायका तारीख बघूनच पाणी शेंदायच्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यासुद्धा खडू नवा आहे का, एवढं बघायच्या.

ग्रामपंचायतीनं हे काम लिंबाजीला दिलं तेव्हा गावात कुजबूज झाली होती. ज्या विहिरीवर बौद्धवाड्याच्या घागरी कधी चढल्या नव्हत्या, तिथं आता बौद्धवाड्यातला माणूस दवा सोडणार होता. दुष्काळानं एवढं एक काम चांगलं केलं. पाणी एकाच ठिकाणी, तेव्हा रांगही एकच. काही तोंडं वाकडी झाली, पण तहान लागल्यावर वाकड्या तोंडानंही पाणी पिता येतं.

रविवारी लिंबाजी प्यायला. सोमवारी शपथ मोडल्याच्या लाजेनं तोंड दाखवायला नको म्हणून ओढ्यातल्या कोरड्या वाळूत दिवसभर प्यायला. टँकर आला आणि गेला. दिवेलागणीला तो झोकांड्या खात विहिरीवर आला आणि पावडर न टाकता कठड्यावर तारीख लिहून घरी गेला. मंगळवारीही तेच. पावडरीची गोणी घराच्या कोपऱ्यात भरलेली होती. मंगळवारी दुपारी पोरीला पहिला जुलाब झाला, आणि बुधवारी पहाटे तिला दवाखान्यात आणावं लागलं.

नागम्मा दुसऱ्या खाटेकडे वळली तेवढ्यात बाहेर जीप थांबली. चौघांनी धरून एका म्हातारीला आत आणलं. गावातली सरजाबाई. रोज रांगेत पहिली उभी राहणारी, सगळ्यांशी भांडणारी. आता तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. जीपमधूनच लिंबाजीची आत्या भामाबाई उतरली. पोरीला बघायला आली होती ती. विहारात दर रविवारी तीच वंदना सांगायची; सत्तरीची, पाठीत वाकलेली.

लिंबाजी उठला आणि दवाखान्यामागच्या भिंतीआड गेला. तिथं त्यानं भिंतीवर कपाळ आपटायला सुरुवात केली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात मागून कुणीतरी त्याचा सदरा धरला.

"काय करायलास रे?"

"मला मरू दे आत्या. म्या लेकरू खाल्लं. शपथ मोडली, आन् पावडरबी न्हाई टाकली. दोन दिस झालं. खोटी तारीख लिवली." सगळं एका दमात बाहेर पडलं.

भामाबाईनं त्याचा सदरा सोडला नाही. तिचा चेहरा उतरला होता. मग तिनं विचारलं, "टँकर किती वाजता येतो?"

"बाराला."

"आता किती वाजले?"

"नऊ झाले आस्तील."

"मग हितं कपाळ फोडत काय बसलास? स्वतःला मारायला येळ हाय, हिरीत दवा टाकायला न्हाई?"

"मी कुठल्या तोंडानं जाऊ? गाव फाडून खाईल मला. खाईल तर खाऊ दे, पण उद्या आपल्या घागरी रांगेतून काढतील. म्हणतील, ह्यांच्या हातात दिलं आन् असं झालं."

ही भीती खोटी नव्हती. भामाबाईला ती त्याच्याहून जास्त माहीत होती. तिच्या लहानपणी याच विहिरीवर ती घागर घेऊन दोन-दोन तास उभी राहिली होती, कुणी वरून ओतेल म्हणून.

"काढतील तर काढतील," ती म्हणाली. "तवा बघू. पण आता त्या पाण्यावर घागरी चालल्यात, त्यात आपल्याबी हायत आन् त्यांच्याबी. तू बोलला न्हाईस तर मी बोलते."

लिंबाजी खाली बसला. "आत्या, मी कवाच सुधरायचा न्हाई. आयतवारी विहारात पाचवं शील, दारू न पिण्याचं, आलं की मी ओठ मिटून घेतो. लाज वाटती. शील मोडणाऱ्यानं कशाला घ्यावं?"

भामाबाई त्याच्याशेजारी बसली. बसताना तिची हाडं वाजली.

"आपण दर आयतवारी का घेतो रे शील? एकदा घेतलं की जन्माचं झालं आसतं. मोडतं मनून घेतो. माझं चौथं रोज मोडतं, सुनेला खोटं बोलल्याबिगर माझा दिस जात न्हाई. मी काय माझं डोसकं फोडते? पुन्हा घेते."

लिंबाजीला हसू आलं नाही, पण रडणं थांबलं.

"चौदा वर्सं झाली, तू स्वतःला मारतोस. मारून दारू सुटली आसती तर कवाच सुटली आसती. तू मारतोस, मग दुखतं, मग दुखणं बुडवायला पितोस. पंचशीला चालायला शिकताना पडली तर तू काय तिच्या कानाखाली वाजवली? ऊठ म्हणालास ना? तसं स्वतःला म्हण एकदा. लाड नको करू. माया कर."

"आन् केलं ते?"

"केलं ते केलं. आता ते जाऊन सांगायला पाय लागतात. ऊठ."

तो उठला. आत जाऊन त्यानं नागम्मापुढे हात जोडले आणि खालच्या मानेनं सगळं सांगितलं. नागम्मानं त्याला तोंडभर शिव्या दिल्या, अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या कानडीत. शिव्या देता देताच तिनं डॉक्टरसाहेबांना निरोप धाडायला शिपायाला पळवलं. "पाणी उकळून प्या म्हणून आधी गावात दवंडी द्यायला सांग. आणि डबल पावडर टाक. उभा काय ऱ्हायलास?"

निघण्याआधी तो खाटेपाशी आला. सवयीनं त्याचा हात पोरीच्या डोक्याकडे गेला, आणि पंचशीलेनं मान आत घेतली. मार चुकवावा तशी. सुईचा हात हलला आणि ती कळवळली.

लिंबाजीचा हात तिथंच अधांतरी राहिला. भिंतीवर कपाळ आपटूनही लागलं नव्हतं ते त्याला आत्ता लागलं.

"शपथ न्हाई घालत," तो कसाबसा म्हणाला. "पहिल्या चारीबी सोडव मला. सुटली म्हण, बाई."

पोरीनं आईकडे पाहिलं. धुरपतानं पदर डोळ्यांना लावला आणि मान हलवली.

"सुटली," पंचशीला पुटपुटली. मग बोटं मोजत, "सुटली, सुटली, सुटली."

गावात तो जीपमधून उतरला तेव्हा साडेदहा झाले होते. सरपंच अण्णाराव पारावर होते. लिंबाजीनं चारचौघांत सांगितलं. सांगताना आवाज दोनदा फुटला. कुणीतरी वहाण काढली, कुणीतरी म्हणालं, "तवाच मनत हुतो, त्यांना चढू देऊ नका." अण्णारावांनी वहाणवाल्याला खाली बसवलं, पण लिंबाजीच्या बाजूनंही ते एक शब्द बोलले नाहीत. दवंडी मात्र लगेच सोडली.

विहिरीवर घागरींची रांग लागली होती. लिंबाजीनं दोन बादल्या पावडर कालवली. वासानं डोळे चुरचुरत होते. तो रोज या वासावर खूश असायचा, कारण त्यात तोंडाचा वास दडून जायचा. निवळी सोडली, पोहरा पन्नास वेळा वरखाली केला. मग ओल्या तळव्यानं कठड्यावरची कालची आणि परवाची तारीख पुसून काढली. दगडावर पांढरा फराटा उरला. तो तासभर तिथंच बसला. बायका त्याला नको नको ते बोलत होत्या आणि तो ऐकत होता. ओढ्याकडची वाट समोर दिसत होती. त्याला प्यायची इतकी इच्छा होती की रडू येत होतं. "बस जरा," तो स्वतःला हळूच म्हणाला, पोरीला म्हणायचा तसं. "हा तास जाऊ दे." बाराला टँकर आला. त्यानं पुन्हा बादली कालवली.

पुढं व्हायचं ते झालं. पावडरीचं काम त्याच्याकडून गेलं. आठ दिवस बौद्धवाड्याच्या घागरी रांगेच्या शेवटी ढकलल्या गेल्या. नवव्या दिवशी भामाबाई पहाटेच जाऊन पहिल्या नंबरावर बसली, आणि तिला हात धरून उठवायची कुणाची छाती झाली नाही. लेकरं बरी होऊन आली. सरजाबाईही परत आली, पण पुन्हा विहिरीपर्यंत काही तिचे पाय चालले नाहीत. तिची घागर लिंबाजी रोज भरून नेतो. ती दारात ठेवून घेते आणि त्याच्याशी बोलत नाही.

आणि लिंबाजी महिन्याभरानं पुन्हा प्यायला. गोष्ट इथंच गोड झाली असती तर सांगणाऱ्यालाही बरं वाटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी त्यानं थोबाडीत मारून घेतलं नाही. आंघोळ केली, धुरपताला खरं सांगितलं, भाकर खाल्ली आणि सरजाबाईची घागर भरली. रविवारी विहारात पाचवं शील आलं तेव्हा त्याचा आवाज सगळ्यांत मागून, चिरका, पण आला. तेव्हापासून तीन महिने झाले. पुढचं त्यालाही माहीत नाही, आणि त्याची भीती गेलेली नाही.

त्या रविवारी विहारातून आल्यावर तो उंबऱ्यावर बसला होता. पंचशीला त्याच्या पायाशी येऊन बसली. केस आजारात गळून विरळ झालेले. तिनं त्याचा हात धरला, हुंगला, आणि उचलून आपल्या डोक्यावर ठेवला.

"आता काय म्हणू नका," ती म्हणाली.

लिंबाजी काही म्हणाला नाही. हात तसाच राहू दिला.