न पडणारे शिपाई

माणसं अजून विचारतात, भाई मास्तर, ते शिपाई पुन्हा का ओतत नाही? मी अंगावर धावून जातो. त्यांचं काय जातंय विचारायला.

चौऱ्याऐंशी साली मी मालवणात इतिहास शिकवायचो. घराणं दर्यावरचं, पण मला होडीत उलट्या व्हायच्या. म्हणून वडिलांनी मला शाळेत घातलं आणि होडी धाकट्या लवूला दिली. मला नाद एकच. जाळ्याची शिशाची वजनं वितळवून नखाएवढे शिपाई ओतायचे, रंगवायचे, चार-चार एका पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि सुट्टीत विजयदुर्गला जाऊन तिथल्या धोंडू मास्तरांशी टेबलावर लढाई खेळायची. नियम साधा होता, आडवा पडला तो मेला. मे महिन्यात एस.टी.च्या धक्क्यांनी माझं अर्धं सैन्य पेटीतच आडवं झालं. धोंडू मास्तरांनी ते एकेक करून, हसत हसत बाजूला काढलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढे बोटीवर नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मला चुंबकी रबराचा ताव आणून दिला. पातळ, काळा, कात्रीनं कापता येणारा. प्रत्येक पुठ्ठ्याच्या बुडाला मी त्याचा तुकडा चिकटवला आणि फणसाच्या लाकडाच्या पेटीला आतून तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला. पेटी उलटी केली, हलवली, आपटली. एक शिपाई हलेल तर शपथ.

जानेवारीत लवू इंजिनाचं काम करून आणायला विजयदुर्गला निघाला. मी ठरवलं, पेटी होडीनंच पाठवायची. दर्याला हवी तेवढी हलवू दे. मी मागून एस.टी.नं जाणार आणि धोंडू मास्तरांच्या तोंडासमोर ती उघडणार. लवूला म्हटलं, भिजणार नाही, गडगडणार नाही अशा जागी ठेव. त्याच्या होडीत तशी जागा एकच, केबिनमधली होकायंत्राशेजारची फळी. त्या फळीवर तो कोणाला साधा कोयता ठेवू देत नसे. त्यानं पेटी हातात तोलली.

"भाई, ह्यात लोखंड नाय मां?"

"शिसां आसा आणि रबर आसा. माका शिकव नको. गुमान घेवन जा."

माझ्या डोक्यात तेव्हा फक्त धोंडू मास्तरांचं पडलेलं तोंड होतं. सहावीच्या पोराला कळतं ते मला, सत्तावीस वर्षं खडू झिजवलेल्या गाढवाला, सुचलं नाही. मोठ्या भावाचा शब्द म्हणून लवूनं पेटी त्या फळीवर ठेवली.

मिठबावच्या पुढे धुकं उतरलं. लवू पुढे नाळेवर, होडीच्या टोकाला उभा होता आणि खलाशी विठोबा सुकाणूवर. काटा सांगेल तशी त्यानं होडी हाकली आणि ती खडकावर फुटली. विठोबा पोहून किनाऱ्याला लागला. लवू तिसऱ्या दिवशी सापडला, तोही कमरेच्या करगोट्यावरून ओळखला.

पेटी लाटांनी पुळणीवर आणून टाकली होती. ती विठोबाच घेऊन आला. मला तेवढंच बरं वाटेल म्हणून माझ्यासमोर त्यानं झाकण उघडलं.

"बघा भाई, एक पण पडाक नाय."

तो गेल्यावर मी शाळेतलं होकायंत्र आणून पेटीजवळ धरलं. काटा उत्तर सोडून पेटीकडे वळला. मी पेटी माळ्यावर टाकली आणि गप्प बसलो. हो, गप्प बसलो. वाडीत बोलणं सुरू झालं की विठोबा सुकाणूवर झोपला. लवूची बायको गंगू त्याला दारात उभं करीना, दुसरं कोणी होडीवर घेईना. काट्यावर बघूनच हाकत होतो, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगायचा. बावीस दिवस मी ते ऐकलं.

शेवटी देवळात कौल लावायचं ठरलं. गुरवानं देवीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर विठोबा निर्दोष, डावी पडली तर झोपला होता. गुरव गाऱ्हाणं घालू लागला. डावी पडली तर मी सुटलो, असं माझ्या मनात आलं, आणि माझी मलाच शिसारी आली. मी गुरवाला थांबवलं. घरून पेटी आणि होकायंत्र आणलं, होकायंत्र फरशीवर ठेवलं आणि पेटी त्याच्याजवळ सरकवली. काटा वळला. पेटी मागे घेतली, काटा परत उत्तरेला गेला. लवूनं काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, तेही सगळ्यांसमोर सांगितलं.

विठोबा ओक्साबोक्शी रडू लागला. देवळाच्या खांबाला टेकून उभी असलेली गंगू पुढे आली. तिनं पेटी उघडली, शिपायांची एक रांग उचलली आणि परत टेकवली. रांग होती तशी ताठ उभी राहिली.

"आडवो पडता तो मेलो, असोच नियम मां तुमचो? आमचे हे सांगायचे, हसान हसान."

मी हो म्हटलं.

"मगे तुमचा सैन्य अख्खा आसा. जिंकलात तुमी, भाई."

तिनं झाकण लावलं आणि पेटी माझ्या हातात दिली.