मेटाला बसलेला निळा गोळा

मी क्लोरीन बोलतोय. अहो, नाक दाबू नका, वायू नव्हे मी! रेणूंच्या मॉडेलमधला हिरवा प्लॅस्टिकचा गोळा. लखनौच्या अमीनाबादेत एका दुकानात पडून होतो. तिथून दिनकररावांनी मला इंदिरा नगरच्या घरी आणलं. ते मूळचे अकोल्याचे. लखनौतच, जानकीपुरमला, औषधांवर संशोधन करायचे.

लेक अंतरा तेव्हा बारावीत होती. बाबांनी काळ्या गोळ्यांचं बेंझीनचं कडं जोडलं, एका कोपऱ्यावर मला खोचलं आणि नायट्रोचा निळा गोळा तिच्या हातात दिला.

"हा हिरवा कड्यातले इलेक्ट्रॉन ओढतो, म्हणून रिॲक्शन बेंझीनपेक्षा मंद होते. आता सांग, हा नवा पाहुणा कुठे बसेल?"

तिनं माझ्या शेजारचा कोपरा सोडून पलीकडच्या कोपऱ्यावर, म्हणजे मेटाला, गोळा लावला. "खींचता है, तो मेटा. सिंपल, बाबा!"

"अगं वेडे, इथंच सगळे फसतात! ओढतो खरा, पण त्याच्याकडे स्वतःच्या इलेक्ट्रॉनच्या जोड्याही आहेत. पाहुणा शेजारी ऑर्थोला किंवा समोर पॅराला आला, तर तो जोडी पुढं करून कड्यावरचा धन भार सावरतो. मेटाला आलेल्यासाठी त्याला ते जमत नाही. काढ तो गोळा!"

त्या घरात चूक क्षणभर टिकत नसे. पुढं अंतरा स्वतः केमिस्ट्री शिकवू लागली. वर्गात मला मिरवायची, मीही फुगायचो.

मग बाबा विसरू लागले. आधी दूध गॅसवर राहायचं. पुढं तर लेकीलाच विचारू लागले, "आप कौन?" जन्मभर हिंदीत उत्तरं देणारी पोर तेव्हापासून त्यांच्याशी फक्त मराठीत बोलू लागली.

एका दुपारी तिनं कडं जोडून त्यांच्यापुढं ठेवलं. "बाबा, हा हिरवा. आता नवा कुठे बसेल?"

निळा गोळा ते कितीतरी वेळ बोटांत फिरवत राहिले. मी आतल्या आत ओरडत होतो, समोर लावा हो, समोर! त्यांनी तो मेटाला खोचला आणि शाबासकीसाठी तिच्याकडं पाहिलं.

अंतराचा हात पुढं आला, माझ्यापाशी थबकला.

"बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली.

केवढे हसले ते! मला रडता येत नाही, याचं दुःख त्या दिवशी फार झालं.

बाबा गेले त्याला आता वर्ष होईल. मी शोकेसमध्ये आहे, कडं तसंच आहे. परवा घरी आलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅम, ये तो ग़लत लगा है." अंतरा म्हणाली, "मालूम है. रहने दो."

तुम्ही कधी धूळ पुसायला आलात, तर हळू पुसा. तो निळा गोळा चुकीच्या जागी आहे, मला कळतं हो. पण तो बाबांनी बसवलाय.