गुरुसिद्धप्पांच्या नवसाचा होल्डॉल

मी एक जुना होल्डॉल आहे. जुना झाल्याचं मला दुःख नाही. गुरुसिद्धप्पांच्या घरात जुना झालो, याचं आहे.

मित्रांनो, खाकी कॅनव्हास, दोन टोकांना दोन कप्पे आणि चामड्याचे दोन पट्टे, एवढाच माझा देह. घरातली अंथरुणं आत आणि घराची अब्रू बाहेर, अशी माझी रचना. १९६८ साली सोलापुरातल्या एका शिंप्यानं मला दुहेरी दोऱ्यानं शिवलं आणि म्हणाला, "धा वर्षं काय होत न्हाय बघा ह्येला." मला भेटलेला हा शेवटचा प्रामाणिक माणूस. त्याच संध्याकाळी तुरीच्या डाळीचे व्यापारी गुरुसिद्धप्पा यांनी मला विकत घेतलं.

गुरुसिद्धप्पा फार धार्मिक. दर उन्हाळ्यात ते बायको महानंदा आणि लेक दाक्षायणी यांना घेऊन देवाला निघत. श्रीशैल, कूडलसंगम, अक्कलकोट, सगळीकडे मी गेलो आहे. गाडी फलाटाला लागली की ते मला खिडकीतून आत फेकत. मी ज्या बाकावर पडेन तो बाक त्यांचा. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोक्यावर पडलो तरी ते "शिव शिव" म्हणत आणि बसत.

दाक्षायणी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि नुकतीच भरतनाट्यम शिकायला लागली होती. गुरुसिद्धप्पांना नृत्यातलं काही कळत नसे. पण समोरच्या बाकावर कोणी वकील किंवा डॉक्टर बसला, की लगेच, "दाक्षे, काकांना ती हरणाची मुद्रा दाखव की!" पोर बिचारी चालत्या गाडीत हरीण करून दाखवी. डॉक्टरसाहेब शेंगा खात "छान" म्हणत. बापाची छाती फुगे. जणू बोटं त्यांचीच होती.

पण पोर खरी होती, हे मला सांगितलंच पाहिजे. रोज पहाटे गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन ती पूजा करी. मग वेणीमाधव मास्तरांकडे नाच, मग कॉलेज. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्राच्या जर्नलमध्ये पानांच्या आकृत्या काढताना तिचे पाय टेबलाखाली ताल धरत. तिच्या लेखी यांत तीन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

१९७७ साली विजापूरकडच्या चनबसप्पांच्या मुलाचं स्थळ आलं. त्यांची सरकी काढायची गिरणी होती. चहा पिताना चनबसप्पा म्हणाले, "पोरगी शिकल्याली हाय, चांगलं हाय. पण नाचती म्हणं?"

गुरुसिद्धप्पांनी कप खाली ठेवला. "नाचती कुटं? देवाची सेवा म्हणून तेवढं. आणि तेबी आता सुटणार की. लहानपणी तिला ताप आल्ता, तवा मी श्रीशैलला नवस बोललोय. लग्न ठरलं की तिची घुंगरं देवाला वाहीन म्हणून."

मित्रांनो, श्रीशैलला ते एकदाच गेले, आणि मी सोबत होतो. गुरुसिद्धप्पा धर्मशाळेत माझ्यावर दुपारभर घोरत पडले होते. संध्याकाळी देवापुढे त्यांनी एकच मागणं केलं. समोरच्या दुकानदाराच्या डाळीला कीड लागो. ताप नव्हता, घुंगरं नव्हती, नवस नव्हता. पण होल्डॉलची साक्ष कोण काढतो?

दाक्षायणीनं हे चहाचा ट्रे हातात धरून ऐकलं. पुढच्या महिन्यात मिरजेला तिची नृत्याची शेवटची परीक्षा होती. तरी देवाला कबूल केलेलं कसं मोडायचं, म्हणून तिनं घुंगरं काढून ठेवली. बापाला हेच हवं होतं. लेकीच्या श्रद्धेवर एवढा भरवसा टाकणारा बाप मी दुसरा पाहिला नाही.

स्थळ पक्कं झालं आणि घुंगरं वाहायला श्रीशैलला निघायच्या आदल्या दिवशी वेणीमाधव मास्तर आले. "गुरुसिद्धप्पा, परीक्षेपुरते तरी थांबा हो. नऊ वर्षं घातलीत पोरीनं."

"काय करू मास्तर? कूडलसंगमला बोललोय मी. संगमात उभं राहून. देवाचं काम हाय."

दाराआड दाक्षायणी उभी होती. श्रीशैल आणि कूडलसंगम यांत किती अंतर आहे, हे तिला ठाऊक होतं.

सकाळी माझे पट्टे आवळले गेले. एका कप्प्यात कडक भाकऱ्या नि शेंगाचटणी, दुसऱ्यात टॉवेलात गुंडाळलेली घुंगरं. ती महानंदाबाईंनीच भरली. या घरात न बोलण्याचं काम त्या मन लावून करत. टांगा दारात आला. गुरुसिद्धप्पा कपाळाला भस्म लावून, तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसले. दाक्षायणी शेजारी बसली.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "लिंग हातात हाय. एकदा सांगा. नवस बोलला होता का?"

गुरुसिद्धप्पांनी डोळे मिटले.

ती पूजा मी विसरणार नाही. एरवी दहा मिनिटांत उरकणारा माणूस अर्धा तास हलला नाही. हातात लिंग असताना खोटं बोलायचं धाडस नव्हतं आणि खरं बोलायची सवय नव्हती. टांगेवाला ओरडला, "ओ सावकार, येताय का जाऊ बे?" महानंदाबाई म्हणाल्या, "अवो, गाडी चुकती की!" गुरुसिद्धप्पांनी उजव्या हातानं गप्प बसायची खूण केली आणि पुन्हा भस्म लावलं. पाऊण तासानं स्टेशनाकडून मद्रासच्या गाडीची शिट्टी ऐकू आली. तेव्हा कुठे त्यांनी लिंग वस्त्रात गुंडाळून गळ्यात घातलं.

"लई वर्षं झाली," ते म्हणाले. "नीट आठवत न्हाय."

महानंदाबाई उठल्या. त्यांनी माझा पट्टा सोडला, टॉवेल काढला आणि घुंगरं लेकीच्या मांडीवर ठेवली.

"तुमाला आठवत न्हाय, तर देवाला काय आठवायचंय?" त्या म्हणाल्या. "जा गं दाक्षे. मास्तर वाट बघत असतील."

दाक्षायणी मिरजेच्या परीक्षेत पास झाली. चनबसप्पांनी दुसरी मुलगी पाहिली. गुरुसिद्धप्पा भेटेल त्याला सांगतात, "स्थळ मीच मोडलं. लेकीची कला महत्त्वाची की!" लोक मान डोलावतात. मी माळ्यावर पडून ऐकतो. उंदरांनी माझा एक पट्टा खाल्लाय. त्यांचा मला राग नाही, ते निदान भुकेपोटी खातात.

मित्रांनो, घरात होल्डॉल असेल तर त्याला वर्षातून एकदा ऊन दाखवा, पट्ट्यांना तेल लावा. आणि देवाला जरूर जा. फक्त वाहायला निघालेली वस्तू स्वतःची आहे ना, एवढं मला बांधण्याआधी बघा. दुसऱ्याचं सामान मला फार जड होतं.