बीबीतलं मावंदं

उद्धव जोशी चिखलीच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचा, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत त्यानं समुद्र पाहिला नव्हता. भरती-ओहोटीची आकृती तो फळ्यावर झकास काढी. पण एखाद्या पोरानं "सर, समुद्राचं पाणी किती खारं असते?" असं विचारलं, की "लोणारच्या तळ्यासारखं" असं सांगून मोकळा होई. ते उत्तर बरोबर नाही, हे त्याला ठाऊक होतं.

म्हणून पंजाबरावानं लंकेला जायची गोष्ट काढली तेव्हा त्याला नाही म्हणवलं नाही. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पंजाबराव बीबी गावचा, दोनशे एकरांचा धनी. जानरावाची चिखलीत जिनिंग फॅक्टरी. तिघंही एका बाकावर शिकलेले. इकडे दारूबंदी, तिकडे मोकळं रान, आणि शिवाय परदेश. उद्धवला सोबत घ्यायचं कारणही साधं होतं. पासपोर्टचे इंग्रजी फॉर्म भरायचे होते.

"घरी काय सांगायचं?" उद्धवनं विचारलं.

"रामेश्वर," जानराव म्हणाला. "रस्त्यातच हाये. खोटं थोडीच हाये बे?"

निघायच्या दिवशी बीबीला पंजाबरावाच्या घरी गेले, तर गोजरबाई तांब्याची एक लोटी घेऊन आली. ही पंजाबरावाची काकी. आईमागे तिनंच त्याला वाढवलं होतं. शाळेत असताना पंजाबरावाच्या चिखलीतल्या खोलीवर तिचा डबा यायचा आणि त्यातली अर्धी भाकरी उद्धव खायचा. लोटीचं तोंड कथलाचा डाग देऊन बंद केलेलं होतं. काकांनी काशीहून आणलेली गंगा होती ती. ती रामेश्वराच्या पिंडीवर घालायची, म्हणजे यात्रा पुरी होते. पण काशीहून आल्यावर चार महिन्यांत काका गेले, आणि लोटी अकरा वर्षं देव्हाऱ्यात बसून होती.

पंजाबरावानं हात पुढे केला. गोजरबाईनं लोटी उद्धवच्या हातात दिली.

"तुयापाशी ठेव, उद्धवा. याचं ध्यान नसते. पिंडीवर घालजो, अन् येतानी तिथल्या कुंडाचं पाणी भरून आणजो."

"आणतो, काकी," उद्धव म्हणाला.

मलकापूरहून वर्धा, वर्ध्याहून मद्रास, आणि मद्रासहून लंकेच्या बोटीला गाठणारी बोटमेल. पांबनला रुळांना फाटा फुटतो. एक रूळ रामेश्वराला जातो, दुसरा धनुष्कोडीच्या धक्क्याला. त्यांची गाडी धनुष्कोडीची होती. उद्धव ट्रंक उघडून लोटी हातात घेऊन बसला होता.

"येतानी उतरू," पंजाबराव म्हणाला. "बोट चुकली तर सगळंच बोंबललं. देव कुठं पळून चालला?"

उद्धवनं लोटी परत ट्रंकेत ठेवली.

समुद्र त्यानं बोटीवरून नीट पाहिलाच नाही. जानराव कठड्याला धरून ओकत होता आणि उद्धव त्याची पाठ चोळत होता. खरा समुद्र दिसला तो कोलंबोच्या दक्षिणेला, नारळीच्या बागेतल्या एका छोट्या हॉटेलाच्या पायरीवरून. निळा नव्हताच तो. सकाळी राखाडी, दुपारी हिरवा. उद्धव चपला हातात घेऊन पाण्यात गेला, पाणी ओंजळीत घेऊन त्यानं जिभेला लावलं आणि एकटाच हसला. लोणारसारखं मुळीच नव्हतं. पोरांना आता नीट सांगता येईल, असं त्याला वाटलं. त्या सहलीतला आनंद एवढाच.

कारण पंजाबराव आणि जानराव त्याच दुपारी धोतरं सोडून पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्यांवर वाळूत बसले, ते चार दिवस तिथून उठलेच नाहीत. नारळाची दारू यायची, तिला सडक्या फळांसारखा वास. तळलेले खेकडे यायचे. ते कसे खायचे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. नांग्या दाताखाली कडाकडा फोडायच्या, चोखायच्या आणि टरफलं जिथं बसलो तिथंच थुंकायची. त्यावर माशा बसायच्या. पंजाबरावाच्या पोटावरून तेलाचा ओघळ बेंबीत उतरलेला असायचा आणि तो बोट घालून तो पुसायचा, त्याच बोटानं पुढचा तुकडा उचलायचा. एखादी गोरी बाई पोहायला आली, की दोघं मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहायचे आणि मोठ्यानं बोलायचे. आपली भाषा इथं कोणाला कळत नाही, याचाच त्यांना मोठा आनंद होता.

दुसऱ्या दिवशी एक कोळीण डोक्यावर टोपली घेऊन चालली होती. पन्नाशीची असेल. पंजाबरावानं बसल्या बसल्या तिचं लुगडं ओढलं. तिनं टोपली खाली ठेवली, त्याच्याकडे पाहिलं आणि मग उद्धवकडे पाहिलं. उद्धवनं अंगात सदरा घातला होता, डोळ्यांवर चष्मा होता. तोच यांच्यातला शहाणा असणार, असं तिला वाटलं असावं. ती त्याला काहीतरी म्हणाली. शब्द कळले नाहीत, पण त्या शिव्या नव्हत्या. प्रश्न होता.

"सॉरी," उद्धव म्हणाला.

ती गेल्यावर पंजाबराव हसून हसून लोळला. "सॉरी म्हने बे हा! मास्तरनं चव घालवली साऱ्याची. दे त्याले एक गलास."

आणि उद्धवनं तो ग्लास घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. का घेतला, हे तो नंतर पुष्कळदा स्वतःला विचारायचा. सगळ्यांच्या पंगतीत बसलं की कोणी कोणाला हसत नाही, एवढंच कारण त्याला सापडायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सोडा संपला. हॉटेलचा गडी सायकलनं आणायला गेला तो लवकर येईना. उद्धव गुडघाभर पाण्यात उभा होता. मागून जानरावाचं हसणं ऐकू आलं म्हणून वळला, तर पंजाबराव उद्धवच्या ट्रंकेतली तांब्याची लोटी मांडीत धरून शहाळी फोडायच्या कोयत्यानं तिचा डाग उचकटत होता.

"पंजाब! अरे, ती काकीची—" उद्धव धावत आला.

"ठाऊक हाये. माह्या काकानंच आणली." डाग निघाला. पंजाबरावानं तीन ग्लासांत पाणी ओतलं. "काका असता तर त्यानंही घेतली असती."

"दगडावर वतण्यापरीस पोटात गेलेलं बरं," जानराव म्हणाला.

पाणी स्वच्छ होतं. ते दारूत मिसळताना पांढुरकं झालं. पंजाबरावानं ग्लास उद्धवसमोर धरला. उद्धवला तो उलथून द्यायचा होता. पण तोंड उघडलं तर आपल्याला रडू येईल, असं त्याला वाटलं. दोघं त्याच्याकडे पाहत होते. त्यानं ग्लास घेतला आणि नाक न दाबता, डोळे न मिटता, एका दमात पिऊन टाकला. मग नारळीच्या झाडामागे जाऊन ओकला. परत आला तेव्हा लोटी वाळूत आडवी पडली होती आणि पंजाबराव तिच्यात विडीची राख झाडत होता.

येताना रामेश्वर झालं नाही. पंजाबरावाचं पोट बिघडलं होतं, त्याला घर दिसत होतं. वर्धा यायच्या थोडं आधी तो लोटी घेऊन डब्यातल्या संडासात गेला. बाहेर आला तेव्हा लोटी भरलेली होती. त्याचा हात कोपरापर्यंत ओला होता आणि तोच हात तो धोतराला पुसत होता. वर्ध्याला गाडी बदलायच्या वेळात स्टेशनबाहेरच्या कल्हईवाल्याकडून त्यानं तोंडाला नवा डाग देऊन घेतला.

"काकीले काय समजते?" तो उद्धवला म्हणाला. "म्हातारीचं समाधान झालं म्हणजे झालं."

उद्धव खिडकीबाहेर पाहत राहिला. ही त्याची दुसरी गप्प बसण्याची वेळ. की तिसरी.

आठ दिवसांनी बीबीला मावंदं झालं. यात्रा करून आलेल्यांनी गावाला जेवण घालायचं आणि गावानं त्यांचा मान करायचा, अशी रीत. वाजंत्री वेशीपर्यंत आली. मांडवात बुंदीचे ढीग होते, वांग्याच्या भाजीचा वास होता. पंजाबरावाच्या कपाळाला तीन बोटं भस्म. तो हात जोडून येणाऱ्या-जाणाऱ्याला "रामेश्वराची कृपा" म्हणत होता, आणि त्याच्या तोंडावर लाजेचा मागमूस नव्हता. उलट तो खरोखरच प्रसन्न दिसत होता. उद्धवला वाटलं, याला आता खरंच वाटतंय की आपण तिथं जाऊन आलो.

तिघांना पाटांवर बसवलं. गोजरबाई पितळी परात घेऊन पुढ्यात बसली. तिनं पंजाबरावाचे पाय धुतले, बोटांच्या सांदीतली माती अंगठ्यानं काढली, आणि ते पाणी ओंजळीत घेऊन प्याली. मग जानरावाचे. बायका परातीभोवती वाकल्या, त्याच पाण्यात हात बुडवून डोळ्यांना लावू लागल्या. पलीकडे लोटीचा डाग काढला होता आणि पळीपळीनं तीर्थ चाललं होतं. आशाबाई नावाची एक बाई तापानं महिनाभर अंथरुणाला खिळलेली. तिला दोघींनी धरून आणलं होतं. तिचे ओठ तडकलेले होते आणि तिनं हात आधीच पुढे केला होता.

गोजरबाईनं उद्धवचा पाय धरला. तिचा हात ओला आणि ऊन होता. उद्धवनं पाय एवढ्या जोरात ओढला की परात हिंदकळली.

"काकी, नका. आम्ही रामेश्वराला गेलोच नाही."

वाजंत्री थांबली नव्हती, म्हणून त्यानं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. "आम्ही लंकेत दारू पीत बसलो होतो. काकांची गंगा आम्ही दारूत घालून प्यालो. मीही प्यालो. आणि हे पाणी रेल्वेच्या संडासातल्या नळाचं आहे. आशाबाईंना देऊ नका!"

आता वाजंत्री थांबली. मग पंजाबराव हसला. मोकळं, मोठं हसला.

"मास्तरले परवास मानवला नाही. गाडीतही असाच बडबडत होता. ताप डोस्क्यात गेला त्याच्या."

"हाव, मद्रासपासून," जानराव म्हणाला.

एक म्हातारा उठून उद्धवजवळ आला. "मास्तर, मावंद्याच्या दिवशी असं अभद्र बोलू नये," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. मांडवातल्या काहींना तरी खरं काय ते कळलं होतं. उद्धवनं त्यांचे चेहरे पाहिले, कळल्याचं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. पण बुंदी तयार होती, पानं मांडली होती, आणि पंजाबरावाच्या शेतावर त्यातल्या निम्म्यांचं पोट होतं. पळी पुन्हा लोटीत बुडाली. आशाबाई डोळे मिटून ते पाणी प्याली आणि ओला हात तिनं केसांवरून फिरवला.

गोजरबाई तेवढी उठली. तिनं परात उचलली, मांडवाबाहेर नेऊन उकिरड्यावर पालथी केली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. उद्धव पायीच फाट्यावर आला. येताना मागून जेवणावळीचा गलका ऐकू येत होता.

पंधरा दिवसांनी गोजरबाई एसटीनं चिखलीला आली. उद्धवच्या बायकोनं, शैलजानं, सतरंजी टाकली. पण म्हातारी उंबऱ्याजवळच भिंतीला टेकून बसली. ख्यालीखुशाली काही विचारली नाही.

"पाणी कसं निघालं होतं?"

उद्धवला आधी कळलं नाही. मग कळलं. "निर्मळ होतं, काकी."

"वास?"

"नव्हता."

"किडे-बिडे?"

"नाही. तळाला जरासा गाळ होता, बस."

तिनं मान डोलावली. "ते म्हणत, गंगा नासत नाही. मले वाटे, बंद लोटीत कोण पाह्यलं?" मग म्हणाली, "पंजाब तसाच हाये, ल्हानपणापासून. त्याचा मले राग नाही आला. तुया आला."

उद्धवनं चष्मा काढून हातात धरला.

"तू सांगितलं, ते बरं केलं. पण माह्या पोटात पायाचं पाणी गेल्यावर सांगितलं. दारातच सांगतास तर?"

शैलजानं आणलेला चहा तिनं घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि पाचच्या गाडीनं गेली. पुढे बीबीच्या एका विद्यार्थ्याकडून उद्धवला कळलं, की म्हातारीनं पंजाबरावाच्या घरात आपली चूल वेगळी मांडली आणि त्याच हिवाळ्यात सोजराबाई नावाच्या शेजारणीला घेऊन रामेश्वर करून आली. गड्यामाणसांतलं कोणी सोबत नेलं नाही, आणि आल्यावर मावंदंही घातलं नाही.

पंजाबराव पुढच्या वर्षी पंचायतीत निवडून आला. गोवाही त्याच सुमारास मोकळा झाला होता. एके दिवशी चिखलीच्या बाजारात जानरावानं उद्धवला मागून गाठलं आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. हाताला सरकीच्या तेलाचा वास होता.

"झालं ते झालं बे, मास्तर. आता गोव्याले जाऊन राह्यलो आमी. समुद्र तोच, अन् कागदाची भानगड नाही. चालतं का संगं?"

तो हे मनापासून विचारत होता. त्याच्या मनात काहीच नव्हतं, राग नव्हता, शरम नव्हती, आठवणसुद्धा धड नव्हती. उद्धवनं त्याचा हात मनगटाला धरून खांद्यावरून उचलला, एखादं मेलेलं जनावर उचलावं तसा, आणि बाजूला सोडला.

"काऊन, का झालं?" जानराव म्हणाला.

उद्धव भाजीची पिशवी सावरून शाळेच्या रस्त्याला लागला. तिसऱ्या तासाला दहावीचा भूगोल होता.