भिकुबाईच्या केळीतलं रक्त

पुना भगताने हळद फासलेला विळा मारला, खोडावर तांब्यातलं तीर्थ शिंपडलं आणि केळीतून लाल धार ओघळली. बांधावर जमलेला गाव मागे सरला.

"बठ्ठा गावनी केळी पिवळी, मंग हिनीच हिरवी कशी?" भगत म्हणाला. "तुमना बागासनं रगत शे हे. डाकीण शे ही."

भिकुबाई पदर तोंडात धरून उभी होती. मागेपुढे कुणी नाही. दिवस मावळायच्या आत तिला गावाबाहेर काढायचं आणि बाग तोडायची, असा भगताचा हुकूम होता. चौघांच्या हातात कोयते होते. त्यातले एक तोतारामआबा.

आबांची केळी मर रोगानं बसली होती. कुणावर तरी खापर फुटलं की जिवाला गार वाटतं. पण आबांच्या घरच्या प्रत्येक लग्नात मांडवाला केळीचे खांब आले ते भिकुबाईच्याच बागेतून. कोयता जड लागत होता.

"भगतभाऊ," त्यांची सून ज्योत्स्ना पुढे आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. "हाच विळा आमच्या केळीवर चालवा ना. बांधापलीकडेच तर आहे."

"देवीचं शस्त्र कुठंही चालत नसतं, पोरी. आबा, सुनेला आवरा."

आबांनी कोयता काखेत धरला. त्यांनी भगताच्या हातून विळा काढून घेतला, तांब्या उचलला, बांध ओलांडला आणि स्वतःच्या केळीवर घाव घातला. तीर्थ शिंपडलं. लाल धार आली.

"म्हणजे मी बी डाकीण," आबा म्हणाले.

कुणी हसलं नाही. ज्योत्स्नाने ठिबकच्या नळीखाली विळा घासून धुतला आणि भिकुबाईच्या दुसऱ्या केळीवर मारला. पाण्यासारखा चीक गळला. मग तिने विळ्याला हळद लावली, वर तांब्यातले चार थेंब टाकले. पातं लाल झालं.

"अगं, हळदीच्या डागाला साबण लावला की असंच होतं," तिची सासू सुगंधाबाई म्हणाली.

"तेच. तांब्यात चुन्याची निवळी आहे, तिनंही हळद लाल होते."

भगत चपला शोधू लागला.

"पण हिची बाग हिरवी कशी?" कोयतेवाल्यांपैकी एकाने विचारलं.

"मी माझ्या सासूच्या केळीचेच कंद लावत आली," भिकुबाई पहिल्यांदाच बोलली.

"केळीच्या आत, मुळांत, चांगले जिवाणू राहतात," ज्योत्स्ना म्हणाली. "झाडाला पोसतात, रोगाला अडवतात. विरजण एका दह्यातून दुसऱ्यात जातं, तसे ते कंदातून पुढच्या केळीत जातात. आपली रोपं प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढली, तिथं रोगही धुतला जातो आणि हे सोबतीही. ते परत द्यायला जिवाणूंची पाकिटं मिळाली होती. ती आपण उन्हाळाभर तापलेल्या पत्र्याखाली ठेवून शिजवली, आतले जिवाणू मेले. हेच कारण असेल, असा माझा अंदाज. माती आणि कंद तपासून घेऊ, मग नक्की म्हणू."

आबा भिकुबाईसमोर गेले. "अक्का, तपासायला चार कंद देशील?"

"आधी कोयता खाली ठेवा, आबा."

आबांनी ठेवला. मग बाकीच्या तिघांनी.

बाबांनो, कुणी रक्त दाखवलं तर आधी विळा धुऊन पाहा. माणूस तोडल्यावर धुवायला काही उरत नाही.